कार्बोरेटर ‘गेला’ म्हणण्याआधी

पावसाळा सरत आला की आमच्या वस्तीत सकाळी सातच्या सुमारास किक मारल्याचे आवाज सुरू होतात. एक, दोन, दहा, वीस. गाडी घरघरते, चार श्वास घेते आणि पुन्हा गप्प बसते. आठ वाजता कामावर हजेरी लागायची असते. मग गाडी ढकलत नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत न्यायची. तेथे पुष्कळदा एक पेचही सैल करण्याआधी निकाल ऐकायला मिळतो, “कार्बोरेटर गेला. नवीन टाकावा लागेल.” नवीन टाकायचा म्हणजे हजाराच्या वर खर्च, आणि वर एक दिवसाचा खाडा.

वाचकहो, कार्बोरेटर सहसा ‘जात’ नाही. धातूचा तो एक लहानसा डबा असतो. त्यात आग पेटत नाही, दातेरी चाके फिरत नाहीत, तेल जळत नाही. वर्षानुवर्षे गाडी चालवल्यावर त्यातील सुई, स्लाइड, रबर झिजते हे खरे. पण दहापैकी बहुतेक वेळा त्याला झालेले असते ते तुंबणे. आणि तुंबलेले मोरीचे तोंड कोणी फोडून नवे बसवत नाही, आधी साफ करून पाहतो. कार्बोरेटरलाही तोच न्याय लावावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

आम्ही पदवीने बी.कॉम. आणि पोटापाण्याने कारकून. इंजिनिअर नव्हे. त्यामुळे आधी हिशेब मांडतो. समजा, एक गवंडी रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवतो आणि महिन्याला पंचवीस दिवस काम मिळते. झाले एक हजार किलोमीटर. गाडी लिटरला ६० देत असेल तर पेट्रोल लागते पावणेसतरा लिटरच्या आसपास. कार्बोरेटरमधील बिघाडामुळे तीच गाडी ४५ वर आली तर लागते सव्वाबावीस लिटर. फरक साडेपाच लिटरचा. लिटरला नुसते शंभर रुपये धरले तरी (महाराष्ट्रात भाव त्याहून वरच आहे) महिन्याला साडेपाचशे रुपये धुरावाटे गेले. एवढ्यात मुलांच्या वह्या येतात.

हा लेख जुन्या गाड्यांपुरता आहे, हे आधीच सांगितलेले बरे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले. त्याला घरी हात लावू नये. पण १९८५ सालची सीडी १०० असो, १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर असो, बॉक्सर किंवा सीटी १०० असो, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या अशा गाड्या आजही आपल्या माणसांची रोजीरोटी ओढत आहेत. त्यांच्या पोटात कार्बोरेटरच आहे.

फ्लिटच्या पंपाची बहीण

जुन्या माणसांना ढेकूण-डास मारायचा फ्लिटचा पंप आठवत असेल. दांडा पुढे रेटला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जायची आणि खालच्या डब्यातील औषध आपोआप वर चढून फवारा उडायचा. कार्बोरेटरचे तत्त्व तेच. फरक एवढाच, की येथे हवा आपण रेटत नाही, इंजिन ती ओढून घेते. वाटेत नळी मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून हवा वेगाने धावते, तेथील दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर उडून हवेत मिसळते. हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी १८९३ साली अशा कार्बोरेटरचे पेटंट घेतले. फुले विकणारी मुलगी तोंडाने फुंकून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून बांकींना कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, कथा गोड आहे.

वाटीत पेट्रोल किती राहावे हे ठरवतो फ्लोट. संडासाच्या टाकीतला फुगा पाणी भरले की नळ बंद करतो, तसा हा फ्लोट वर उचलला गेला की एक टोकदार सुई पेट्रोलची वाट बंद करते. वाटीतून वर जायला दोन मुख्य वाटा आहेत. गाडी उभ्या जागी चालू असते किंवा नुकती सुटते तेव्हा पेट्रोल येते ते स्लो जेटमधून, ज्याला कोणी पायलट जेट म्हणतात. रेस वाढवली की काम पाहतो मेन जेट. दोन्ही पितळेचे. स्लो जेटचे छिद्र तर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसायला किंवा गंजाचा एखादा कण अडकायला त्याला कितीसा वेळ लागणार?

एवढे कळले की गाडीची तक्रारही कळू लागते. चोक ओढला तरच चालते, चोक सोडला की बंद पडते, सिग्नलवर उभी राहत नाही, तर स्लो जेट पाहावा. उभ्या जागी ठीक पण वेग घेताना दम तोडते, तर मेन जेट. खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकते, तर सुईच्या बैठकीत कचरा आहे किंवा सुईचे टोक झिजले आहे. काळा धूर येतो आणि प्लग काजळीने माखतो, तर चोक अर्धवट अडकला आहे का, एअर फिल्टर बुजला आहे का, ते बघावे. चांगल्या गाडीच्या प्लगचे टोक चहाच्या रंगाचे असते.

मात्र सगळी खापरे कार्बोरेटरवर फोडू नयेत. आधी प्लग काढून पुसावा, एअर फिल्टर झटकावा. आणखी एक गंमत सांगतो. गाडी पाच-सहा किलोमीटर छान चालते, मग बंद पडते, दहा मिनिटे थांबले की पुन्हा चालू होते, असे होत असेल तर टाकीचे झाकण उघडून बघा. उघडताना ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले आहे. हवा आत शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. त्यासाठी कार्बोरेटर बदललेली माणसे आम्ही पाहिली आहेत. भोक साफ करायला लागली असती दोन मिनिटे.

पाणी आले कोठून?

पूर्वी कार्बोरेटरमधील कचरा म्हणजे बहुतेक गंज आणि धूळ. आता त्यात पाण्याची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग आपल्याच मिरज आणि मनमाडला, तसेच उत्तर प्रदेशात बरेलीकडे, २००१ साली झाले. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्के गाठले आणि २०२५ मध्ये वीस. इथेनॉल उसापासून, मळीपासून, धान्यापासून बनते. त्याने परदेशी तेलाचा खर्च वाचतो, शेतकऱ्याला पैसे मिळतात, ही बाजू आम्ही नाकारत नाही. पण इथेनॉलचा एक गुण असा, की ते पाणी शोषून घेते. पावसाळी दमट हवेतले, टाकीच्या झाकणातून झिरपलेले, पाणी ते आपल्यात सामावते. प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीच्या तळाशी, आणि तेथून कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी. जेटचे तोंड नेमके तेथेच असते.

वीस टक्क्यांचे मिश्रण सोसणारे रबर आणि धातू वापरण्याची अट नव्या गाड्यांना लागू झाली ती एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या, विशेषतः पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबर त्या हिशेबाने केलेले नव्हते. पेट्रोलची नळी, वाटीची कडी, सुईचे रबरी टोक फुगते किंवा कडक होऊन तडकते. पंपावर दुसरे पेट्रोल मिळत नाही, म्हणून तक्रार करून भागत नाही. आपण करायचे ते एवढेच, की वर्षातून एकदा या तीन गोष्टी डोळ्यांखालून घालायच्या. किमतीने त्या किरकोळ आहेत. आणि सदा रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर सोडावी. रिझर्व्हची वाट टाकीच्या अगदी तळातून निघते, म्हणजे पाणी आणि गाळ आधी तिच्याच वाट्याला.

पावसाळ्यानंतर गाडी कुरकुरू लागली तर सर्वांत सोपा उपाय असा. इंजिन थंड असताना पेट्रोलचा कॉक बंद करावा. वाटीच्या खालच्या अंगाला एक लहान स्क्रू असतो, तो सैल करून वाटीतील पेट्रोल एका काचेच्या बरणीत उतरवावे. बरणी उजेडात धरून पाहावी. तळाशी पाण्याचे गोळे किंवा वेगळा थर दिसला, तर रोग सापडला. स्क्रू बंद करावा, बरणी बदलून कॉक क्षणभर उघडून दोन-तीनदा हेच करावे. कित्येक गाड्या एवढ्यानेच सुरू होतात. काही खोलावे लागत नाही, कोणाला एक रुपया द्यावा लागत नाही.

आधी घर, मग गाडी

येथे आमच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. चोरीच्या भीतीने आपल्याकडे रात्री गाडी उंबऱ्याच्या आत घेतात. एकच खोली, एका भिंतीला गाडी, दुसऱ्या भिंतीला गॅस. कार्बोरेटर ठिबकत असेल तर हा प्रकार फार वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि थंडीतही पेट घेते. गॅसची शेगडी, देवघरातला किंवा प्रतिमेपुढचा दिवा, मच्छर अगरबत्ती, फ्रिजच्या बटणाची ठिणगी, कशानेही भडका उडतो. म्हणून गाडी आत घेताना कॉक बंद करण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी. ठिबकणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत बाहेर साखळीने बांधावी. सकाळी घरात पेट्रोलचा वास आला तर दिवा लावू नये, विजेचे बटणही दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात.

ठिबकण्याचा आणखी एक तोटा आहे. कॉक उघडा राहिला आणि सुई बंद होत नसेल, तर पेट्रोल इंजिनात उतरून तेलात मिसळते. तेलाच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर ती गाडी तशीच चालवू नये. तेल पातळ होऊन इंजिन खाते. सुई आधी, मग ताजे तेल.

दुसरी गोष्ट बाटलीची. कार्बोरेटर धुण्यासाठी म्हणून पेट्रोल आणतात ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, आणि उरलेले ठेवतात मोरीच्या कोपऱ्यात. तहानलेल्या लेकराला लेबल वाचता येत नाही. पेट्रोल अशा बाटलीत भरूच नये आणि धुणे झाले की घरात उरवू नये. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची खोडही तितकीच घातक, कारण पोटापेक्षा ते फुप्फुसात गेले तर जास्त इजा करते. त्याच कारणाने, कोणी पेट्रोल प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटी होताना ते श्वासनलिकेत शिरते. १०८ ला फोन करावा आणि तडक दवाखाना गाठावा.

धुण्याची रीत

सुटीच्या दिवशी, दिवसा उजेडी, अंगणात किंवा मोकळ्या जागी बसावे. बिडी-सिगारेट ओढणारा मित्र लांब बसवावा, मुले घरात. साहित्य थोडे आहे. चांगल्या टोकाचे दोन पेचकस, आठ-दहा नंबरचे पाने, जुना दातांचा ब्रश, सायकलचा पंप, आणि एक पांढरी ताटली. ताटली पांढरीच हवी, कारण पितळेचा जेट मातीत पडला तर संध्याकाळपर्यंत शोधत बसाल. बाजारात कार्बोरेटर धुण्याचा फवारा मिळतो तो पेट्रोलपेक्षा बरा. हातमोजे आणि चष्मा घालावा. छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्या छिद्रातून सरळ डोळ्यात येतो.

कॉक बंद, वाटी रिकामी. पेट्रोलची नळी काढावी, एअर फिल्टरकडील पट्टा सैल करावा, इंजिनकडील दोन नट काढावेत. वरचे गोल झाकण फिरवले की रेसच्या वायरसकट स्लाइड बाहेर येते, तिच्या पोटात लांब सुई असते. सुईवर खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप. ती कोणत्या खाचेत होती हे कागदावर लिहावे. आमची कारकुनी सवय म्हणा, पण प्रत्येक पायरीला कागदावर खूण करणाऱ्याच्या हातात शेवटी एकही भाग ‘जास्तीचा’ उरत नाही. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर फोटो काढले तरी चालेल. नंतरच्या काही गाड्यांत कार्बोरेटरला विजेची वायर जोडलेली असते. तिचा फक्त जोड काढावा, कार्बोरेटरवरचा तो भाग सोडवू नये.

खालच्या वाटीचे स्क्रू हट्टी असतात. छोट्या पेचकसाने झटापट केली की माथा झिजतो आणि मग खरोखरच मिस्त्रीकडे जावे लागते. बरोबर मापाचा पेचकस दाबून धरून हलका ठोका द्यावा, मग फिरवावा. वाटी निघाल्यावर फ्लोटची आडवी पिन हळूच सरकवावी. फ्लोटबरोबर लहान सुई येईल. तिच्या टोकाभोवती गोल चरा पडलेला दिसला तर ती बदलावी, धुऊन उपयोग नाही. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तोही बाद.

आता मेन जेट आणि स्लो जेट. मऊ पितळ आहे, जोर लावू नये. जेट उजेडाकडे धरला की आरपार टिकलीएवढा गोल उजेड दिसला पाहिजे. न दिसल्यास फवारा मारावा, काही वेळ भिजत ठेवावा, पुन्हा फवारा, मग पंपाची हवा. पिन, तार, सेफ्टीपिन, स्टोव्हची सुई यांपैकी काहीही छिद्रात घालू नये. हे आम्ही दोनदा सांगू. तारेने छिद्र मोकळे होते खरे, पण मोठेही होते, आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. अगदीच अडले तर ब्रशचा एक नायलॉनचा केस चालतो. जेटवर कोरलेला आकडा छिद्राच्या मापाचा असतो, बदलायचाच झाला तर त्याच आकड्याचा आणावा.

बाजूला एक हवेचा स्क्रू असतो. तो काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजावे. दीड, पावणेदोन, दोन, जे असेल ते लिहावे. बसवताना तेवढेच फेरे उलटे. टेकल्यावर आणखी पिळले तर त्याचे टोक मोडून बैठकीत अडकते.

फवारा मारण्याआधी रबराचे सगळे भाग काढून बाजूला ठेवावेत, ते फवाऱ्याने फुगतात. काही स्कूटर आणि मोठ्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइडला पातळ रबरी पडदा असतो. तो फाटला की खर्च वाढतो, म्हणून तसल्या गाडीचे काम जाणत्या मिस्त्रीलाच द्यावे. उरलेल्या सगळ्या भोकांतून फवारा मारून तो दुसरीकडून निघतो का पाहावे, हवा मारावी, आणि काढले त्याच्या उलट्या क्रमाने जोडावे. स्क्रू बेताचेच आवळावेत. इंजिन गरम झाल्यावर हवेचा स्क्रू थोडा थोडा फिरवून आवाज जेथे सर्वांत सारखा लागेल तेथे ठेवावा आणि मग रेसच्या स्क्रूने स्लो बसवावा. पहिल्या खेपेला या साऱ्याला दोन-अडीच तास लागतात.

गॅरेजमधला धाकटा

इतका खटाटोप करण्यापेक्षा गॅरेजवर टाकले तर? अवश्य टाकावे, सगळ्यांना वेळ नसतो आणि चांगला मिस्त्री हा मान देण्याजोगा कारागीर आहे. पण तेथे कार्बोरेटर धुतो कोण, हेही बघावे. बहुतेक ठिकाणी हे काम सर्वांत धाकट्याकडे असते. डब्यात पेट्रोल, त्यात कोपरापर्यंत उघडे हात, छिद्रात तोंडाने फुंकर. देशभर १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधील शिसे गेले, पण बेंझीन आहेच, आणि ते कातडीतून व श्वासातून शरीरात जाते. रक्त तयार करणाऱ्या मज्जेला ते अपाय करते. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने गुन्हा आहे. तो ‘छोटू’ अनेकदा आपल्याच वस्तीतला असतो, शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते आणि आई समजते की पोरगा हुनर शिकतो आहे. तशा मालकाशी आम्ही भांडलो आहोत, पुढेही भांडू. हुनर शिकायचाच तर दहावी करून आयटीआयचा दोन वर्षांचा मेकॅनिक मोटार व्हेइकलचा अभ्यासक्रम आहे. तेथे कार्बोरेटरही शिकवतात आणि इंजेक्शनही.

धुतलेले घाण पेट्रोल गटारात ओतू नये, उघड्या गटारातून ते कोठल्या चुलीपाशी पोहोचेल सांगता येत नाही. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे. आणि गावी महिनाभर जाणार असाल तर निघण्याआधी कॉक बंद करून गाडी उभ्या जागी चालू ठेवावी. वाटीतले पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडली की किल्ली काढावी.